अपरिचित शब्दाचा अर्थनिर्णय : उरणच्या खाडीकाठची काही उदाहरणे

मराठीच्या प्रश्नपत्रिकांत ‘उताऱ्याच्या संदर्भावरून अधोरेखित शब्दांचे अर्थ लिहा’ हा प्रश्न वर्षानुवर्षे येत आला आहे. प्रश्न वरवर सोपा आहे. अपरिचित शब्दाचा अर्थ त्याच्या आजूबाजूच्या शब्दांत दडलेला असतो आणि चौकस वाचकाला तो शोधून काढता येतो, हे त्यात गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत खरे आहे, सभोवतालचे शब्द वाचकाला नेमके काय पुरवितात आणि कोठे त्यांचे बळ संपते, याची तपासणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे. उदाहरणे मुख्यतः उरण परिसरातील आगरी समाजाच्या शेतीच्या, मिठागराच्या व बोलण्याच्या व्यवहारातून घेतली आहेत. यातील बहुतेक शब्द दिसावयास ओळखीचे आहेत, हे या निवडीचे कारण होय. सर्वस्वी अनोळखी शब्दापाशी वाचक निदान थांबतो. ओळखीच्या वेषात आलेल्या शब्दापाशी तो थांबतही नाही.

संदर्भावरून अर्थ ठरविण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. भर्तृहरीच्या ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात अर्थनिश्चय करणाऱ्या घटकांची एक यादी येते : संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोधिता, प्रकरण, लिंग, अन्य शब्दाचे सान्निध्य, औचित्य, देश, काल इत्यादी. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ती उद्धृत करून उदाहरणांनी स्पष्ट केली आहे. ‘राम’ शब्दाशेजारी लक्ष्मण आला तर दशरथाचा पुत्र समजावा, हे साहचर्य. शेजारी अर्जुन आला आणि प्रसंग वैराचा असला तर परशुराम व कार्तवीर्य समजावेत, ही विरोधिता. सैंधवाचे उदाहरण तर सर्वपरिचित आहे. जेवणाच्या पानावर ‘सैंधव आण’ म्हटले तर मीठ आणावयाचे, प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा.

मात्र येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा आणि आपल्या अध्यापनात तो बहुधा घेतला जात नाही. सैंधव आणणाऱ्या सेवकाला मीठ आणि घोडा हे दोन्ही अर्थ आधीच ठाऊक आहेत. त्याला फक्त निवड करावयाची आहे. ज्याला एकही अर्थ ठाऊक नाही त्याच्यापुढचा प्रश्न निराळा आहे; त्याला अर्थ निवडावयाचा नसून घडवावयाचा आहे. भर्तृहरीची यादी पहिल्या कामासाठी आहे. दुसऱ्या कामाची चर्चा न्याय आणि मीमांसा या शास्त्रांत ‘शक्तिग्रह’ या नावाखाली आढळते. विश्वनाथ पंचाननाच्या ‘न्यायसिद्धांतमुक्तावली’त शब्दाचा अर्थ कळण्याची आठ साधने सांगितली आहेत : व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवृति आणि सिद्धपदसान्निध्य. यांपैकी वाक्यशेष म्हणजे उताऱ्याचा उरलेला भाग, विवृति म्हणजे मजकुरातच आलेले स्पष्टीकरण आणि सिद्धपदसान्निध्य म्हणजे माहीत असलेल्या शब्दांची शेजारसंगत. आजचा परीक्षक ज्याला ‘संदर्भ’ म्हणतो त्यात ही तीनच साधने येतात. व्यवहार आणि आप्तवाक्य, म्हणजे प्रत्यक्ष वापर आणि जाणत्याचा शब्द, ही दोन बाहेर राहतात. पुढील विवेचनात या दोहोंकडे परत यावे लागणार आहे.

मीमांसकांची दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतात. ‘यव’ म्हणजे जव की राळ्यासारखे धान्य, असा वाद शबरस्वामींनी मांडला आणि त्याचा निकाल वाक्यशेषाने दिला : इतर वनस्पती कोमेजतात तेव्हा हे धान्य टवटवीत उभे असते, असे त्याच वेदवाक्याच्या पुढील भागात आहे, आणि ते जवालाच लागू पडते. येथे उताऱ्याने काम केले. परंतु ते काम पुरे झाले ते कोणते पीक कोणत्या ऋतूत हिरवे असते हे वाचकाला माहीत होते म्हणून. दुसरे उदाहरण पिक, नेम, सत, तामरस या शब्दांचे. हे शब्द आर्यांच्या व्यवहारात नाहीत, म्लेंच्छांच्या आहेत. मग धातू शोधून, व्युत्पत्ती लावून त्यांचा अर्थ ठरवावा, की ते वापरणाऱ्यांना विचारावा? वापरणाऱ्यांना विचारावा, असा शबरस्वामींचा निर्णय आहे. वेदप्रामाण्य मानणाऱ्या शास्त्राने शब्दार्थाच्या बाबतीत परक्या बोलणाऱ्याचे प्रामाण्य मान्य करावे, ही गोष्ट आपल्या बोलीअभ्यासकांनी वारंवार आठवावी अशी आहे.

खाडीकाठचे शब्द

उरण तालुका तीन बाजूंनी समुद्र व खाड्या यांनी वेढलेला आहे. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवावयाचे, आतील जमिनीत भात पिकवावयाचे किंवा उलट तेच पाणी मोजून आत घेऊन त्याचे मीठ करावयाचे, हे येथील आगरी समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे उद्योग. मासेमारी आहेच. या उद्योगांतून आलेले काही शब्द पाहू.

‘उधाण’ हा शब्द प्रमाण मराठीत बहुधा लाक्षणिक अर्थानेच वाचला जातो. आनंदाला उधाण येते, चर्चेला उधाण येते. खाडीकाठी उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती. लाक्षणिक अर्थ माहीत असलेला वाचक मूळ अर्थापर्यंत सहज पोहोचतो. पण त्याच्या जोडीचा शब्द घ्या : ‘उधाण सरले, आता भांगाची भरती, पाणी बांधाला लागत नाही.’ शहरी विद्यार्थ्याला भांग दोन ठाऊक असतात, केसांतला आणि प्यावयाचा. दोन्ही येथे बसत नाहीत, एवढे त्याला कळते. पुढे कसे जावे? पहिली खूण व्याकरणाची. प्यावयाची भांग स्त्रीलिंगी, तिचे रूप ‘भांगेची’ झाले असते. येथे ‘भांगाची’ आहे, म्हणजे शब्द पुल्लिंगी. दुसरी खूण विरोधितेची. उधाण ‘सरले’ आणि ‘आता’ भांग, म्हणजे हे एकमेकांच्या पाठीवर येणारे विरुद्ध काळ. तिसरी खूण परिणामाची. पाणी बांधाला लागत नाही, तेव्हा भरती लहान. तीन खुणा एकाच दिशेने बोट दाखवितात आणि अष्टमीच्या सुमाराची लहान भरती हा अर्थ जवळजवळ हाती येतो. ‘अष्टमीच्या सुमाराची’ हा भाग मात्र वाक्यात कोठेही नाही. तो चंद्र आणि पाणी यांचे नाते जाणणाऱ्यालाच मिळेल.

‘खांड’ या शब्दाचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे, कारण त्यात व्याकरणाची मदत कोठे मिळते व कोठे मिळत नाही हे स्पष्ट दिसते. उधाणाच्या पाण्याने बांध फुटून पडलेली मोकळी वाट म्हणजे खांड, अनेकवचन खांडी. दुसरीकडे खांडी हे धान्याचे माप प्रसिद्ध आहे, वीस मणांची एक खांडी. आता ‘बांधाला खांडी पडल्या’ हे वाक्य घेतले तर ‘पडल्या’ हे अनेकवचनी क्रियापद ‘खांडी’ला अनेकवचन ठरविते, मापाच्या खांडीचे मोकळे अनेकवचन ‘खांड्या’ होईल. शिवाय ‘बांधाला’ हे शेजारपद आहे. अर्थ निश्चित झाला. परंतु ‘या उधाणात दोन खांडी गेल्या’ असे वाक्य आले तर? संख्येपुढे मापाचा शब्द आपण बहुधा तसाच ठेवतो, ‘वीस खांडी भात’ म्हणतो. तेव्हा रूपावरून काहीच ठरत नाही. क्रियापदही दोन्हींकडे चालते : बांधाला खांड ‘जाते’ आणि धान्यही पाण्यात ‘जाते’. एका वाचनात दोन ठिकाणी बांध फुटला, दुसऱ्यात चाळीस मण भात बुडाले. दोन्ही वाक्ये दुःखाचीच आहेत, त्यामुळे भावनेच्या अंगाने जाणाऱ्यालाही फरक कळावयाचा नाही. पुढचे वाक्य माती, दगड, माणसे गोळा करण्याचे असेल तर पहिला अर्थ. कोठाराचे किंवा सावकाराचे असेल तर दुसरा. वाक्यशेषाची वाट पाहणे एवढेच वाचकाच्या हाती राहते. अर्थ राखून ठेवून पुढे वाचत राहणे, ही सवय आपण वर्गात लावीत नाही. विद्यार्थ्याला लगेच उत्तर हवे असते आणि प्रश्नपत्रिकेलाही.

‘उघाडी’ म्हणजे बांधातील पाण्याचे दार. प्रमाण भाषेत पाऊस थांबून आभाळ मोकळे होते तिला उघाड, उघाडी किंवा उघडीप म्हणतात. दोन्ही शब्द ‘उघडणे’वरून आलेले आहेत हे उघड आहे आणि नेमके तेच वाचकाला चकविते. नावावरून वाटेल की हे उघडण्याचे साधन. ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने ती झडप बाहेरच्या बाजूस उघडते, साचलेले पावसाचे पाणी खाडीत जाते, हे खरेच. पण भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व या मिटण्यात आहे. ती नीट मिटली नाही तर खारे पाणी भातात शिरते आणि त्या जमिनीचे पुढील पीकही धोक्यात येते. व्युत्पत्तीने नाव कळले, काम कळले नाही. ‘पावसाळ्याच्या तोंडी उघाडी पाहून घेतली’ हे वाक्य वाचून आभाळाकडे पाहणारा माणूस डोळ्यांपुढे आणणाऱ्या विद्यार्थ्याला दोष देता येणार नाही. प्रकरण पावसाचेच आहे. येथे संदर्भ चुकीच्या वाटेने नेतो.

‘आगर’ याहून कठीण. ‘गुणांचे आगर’ यातील साठा हा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. दक्षिणेकडे, आणि अलिबागच्या बाजूलाही, आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. उरण-पेण भागात आगर म्हणताच मिठागर समोर येते आणि आगरी हे समाजनामही या शब्दाशी जोडले जाते. ‘सकाळीच आगरात पाणी सोडले’ या वाक्यात बाग आणि मिठागर दोन्ही निर्वेध बसतात. एकात गोडे पाणी झाडांच्या अळ्यांत जाते, दुसऱ्यात खारे पाणी उथळ वाफ्यांत शिरून उन्हात आटते. वाक्य एक, पाणी वेगळे. अशा ठिकाणी भर्तृहरीच्या यादीतील ‘देश’ हा घटकच निर्णय देतो. लेखक कोठला आणि गाव कोणते, हे पाहिल्यावाचून अर्थ लावता येत नाही.

बोलीतील ध्वनिबदलाने या गुंतागुंतीत भर पडते. आगरी बोलीत शब्दाच्या आतील ‘ड’ व ‘ढ’ यांचा पुष्कळदा ‘र’ होतो, ‘ण’चा ‘न’ व ‘ळ’चा ‘ल’ होतो; गाडीची गारी, घोड्याचा घोरा. ‘खारीला पानी चरलं’ या धर्तीचे वाक्य प्रथमच वाचणारा ‘खारी’ म्हणजे खारट आणि ‘चरणे’ म्हणजे गुरांचे चरणे असे वाचील आणि लेखकाने काही काव्यात्म प्रतिमा योजली असावी, असा समज करून घेईल. वस्तुतः खाडीला पाणी चढले, इतकेच त्यात आहे. ‘खारीला’तील विभक्ती हे नाम असल्याचे सांगते, तेवढी खूण पुरेशी नाही, पण एकदा ध्वनिबदलाचा नियम हाती आला की एकाच वेळी शेकडो शब्द उलगडतात. म्हणून बोलीतील लेखन शिकविताना शब्दार्थांच्या याद्यांपेक्षा असे चार नियम फळ्यावर लिहिणे अधिक फलदायी ठरते, असा माझा अध्यापनातील अनुभव आहे.

शिळेवरचा शब्द

ज्यांचे बोलणारे आज उरलेले नाहीत, अशा शब्दांचे काय करावे? याचीही उदाहरणे याच किनाऱ्यावर आहेत. अलिबागजवळील आक्षी येथील शिलालेख शके ९३४ चा (इ. स. १०१२) म्हणून मराठीच्या आद्य लेखांत गणला जातो, कालवाचनाविषयी मतभेद आहेत. त्यात ‘नऊ’ या संख्येपाठोपाठ ‘कुवली’ हा शब्द येतो. संख्येपुढचा शब्द मोजण्याच्या वस्तूचा अथवा मापाचा असणार, आणि प्रसंग देवीला दिलेल्या दानाचा आहे, तेव्हा धान्याचे माप हा अर्थ पुढे येतो. उरणजवळील चांजे, म्हणजे आजचे चाणजे, येथील शिलाहार राजा सोमेश्वराच्या शके ११८२ च्या (इ. स. १२६०) लेखात एका बागेच्या उत्पन्नातून ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवासाठी १६२ पारुत्थ द्रम्म दिल्याचे नमूद आहे. येथे ‘द्रम्म’ हे नाणे आहे हे संख्या आणि दान या दोन खुणांवरून कळते. शिवाय आपल्या ‘दाम’ शब्दात ते अजून जिवंत आहे, आणि त्याचे मूळ ग्रीकांच्या ‘द्राख्म’पर्यंत जाते. ‘पारुत्थ’चे काय? ते विशेषण आहे, नाण्याचा प्रकार सांगते. यापलीकडे ही शिळा काही सांगत नाही. इतर लेखांतील व ग्रंथांतील उल्लेख ताडूनच पुढे जावे लागते. एका वाक्याने शब्दाची जात कळते, अनेक वाक्यांनी त्याची व्याप्ती कळते, असे याचे स्वरूप आहे. शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला प्राचीन मराठीचा कोश उपयुक्त ठरतो तो अर्थाबरोबर मूळ प्रयोगही समोर ठेवतो म्हणून.

या लेखांच्या वर्गातील काही शिळांवर खाली गर्दभाची शापशिल्पे कोरलेली असतात. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी अक्षर न ओळखणाऱ्यालाही कळावी, ही त्यामागील योजना. चित्र हाही एक संदर्भच होय, आणि तो निरक्षरासाठी होता.

संदर्भाची मर्यादा

पाश्चात्त्य वाचनसंशोधनातही हा भाबडा विश्वास टिकलेला नाही. आयझाबेल बेक, मार्गारेट मॅककोन व त्यांच्या सहकाऱ्याने १९८३ साली सर्व संदर्भ सारखे नसतात असे दाखवून दिले : काही अर्थाकडे नेतात, काही ढोबळ दिशा देतात, काही मूक असतात आणि काही दिशाभूल करतात. वर आलेले ‘भांग’ पहिल्या वर्गातले, ‘आगर’ मूक वर्गातले आणि ‘उघाडी’ शेवटच्या वर्गातले. अभ्यासासाठी मुद्दाम रचलेले उतारे मात्र नेहमी पहिल्या वर्गातले असतात. त्यावर तयार झालेला विद्यार्थी खऱ्या पुस्तकापाशी गोंधळतो. पुढे पॉल नेशन यांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली. मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द आधीच ठाऊक असतील तरच बिनमदतीचे वाचन समाधानकारक होते. हा आकडा इंग्रजी वाचनाचा आहे, मराठीला तो जसाच्या तसा लावू नये. पण त्यातील तत्त्व खरे आहे. खुणा ज्या शब्दांत दडलेल्या असतात, तेच अनोळखी असतील तर खुणा कोणी वाचावयाच्या?

उरणच्या संदर्भात हा प्रश्न केवळ अध्यापनाचा राहत नाही. १९७० साली नवी मुंबईसाठी येथील गावांच्या जमिनी संपादनाच्या कक्षेत आल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले. मिठागरे आणि खारजमिनी यांचा मोठा भाग भरावाखाली गेला. या घडामोडींचे आर्थिक व राजकीय विवेचन अन्यत्र झाले आहे. भाषेच्या अंगाने पाहता, ज्या व्यवहाराने ‘खांड’, ‘उघाडी’, ‘भांग’ यांना अर्थ दिला तो व्यवहारच आक्रसला. आजोबांना ‘दोन खांडी गेल्या’ या वाक्यात संदिग्धता जाणवत नव्हती, कारण रात्री बांधावर कोण धावले हे त्यांनी पाहिलेले होते. नातवाला तेच वाक्य कोड्यासारखे सोडवावे लागते, आणि तो बाहेरच्या वाचकाच्या रांगेत येऊन उभा राहतो. शब्द बोलीत टिकून राहतो, अर्थ मात्र पातळ होत जातो. ‘आगर’ हे आता काही ठिकाणी नुसते जागेचे नाव आहे. सावरखारसारख्या ग्रामनामात ‘खार’ तर आहे, पण त्या खाराचे बांध, त्याचे उधाण, त्याचे भात कोणाला सांगावयाचे?

या दृष्टीने आपल्या विभागांतून होणाऱ्या बोलीशब्दसंग्रहांविषयी एक तक्रार नोंदविणे आवश्यक वाटते. पदव्युत्तर प्रबंधिकांच्या परिशिष्टांत शेकडो शब्द दोन स्तंभांत मांडलेले असतात, डावीकडे बोलीतला, उजवीकडे प्रमाण भाषेतला. ‘उघाडी – दार’, ‘खांड – फट’, ‘भांग – लहान भरती’. संख्या भरते, पण शक्तिग्रहाच्या आठ साधनांपैकी एकच, आणि तेही सर्वांत अपुऱ्या रूपात, हाती लागते. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने १९३० च्या दशकात प्रांतभेदाची नोंद करण्याची शिस्त घालून दिली होती; ‘कोकणात’ एवढे म्हणून आता भागणार नाही, कारण आगराचा अर्थ अलिबागला एक आणि उरणला दुसरा आहे.

नोंद कशी असावी, याचा एक नमुना येथे देतो. खांड : स्त्रीलिंगी, अनेकवचन खांडी. उधाणाच्या पाण्याने खारबंदिस्तीच्या बांधाला पडणारी मोकळी वाट, जिच्यातून खारे पाणी भातजमिनीत शिरते. बांधाला खांड पडते किंवा जाते. ती बुजवावी लागते, आणि पुढच्या भरतीआधी बुजवावी लागते, म्हणून गाव एकत्र येते. माती बांधाच्या आतून घेतली की बाहेरून, हे सांगणाऱ्याला विचारावे व त्याच्याच शब्दांत लिहावे. धान्याच्या ‘खांडी’शी गोंधळ संभवतो. प्रयोग : सांगणाऱ्याच्या तोंडचे निदान एक पूर्ण वाक्य, ध्वनिबदल न सुधारता. सांगणाऱ्याचे वय, गाव, त्याने स्वतः बांधावर काम केले होते की केवळ ऐकले होते, याची नोंद. अशी नोंद पाऊण पान घेते आणि एका प्रबंधिकेत चारशेऐवजी साठ शब्द मावतात. मार्गदर्शकांनी ते साठ स्वीकारावेत. बांधावर काम केलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत.